सूचनागद्याची मराठी : फोनचा पडदा आणि मावशींची वही

१

मराठी गद्याच्या इतिहासात निबंध, कादंबरी, चरित्र, वृत्तपत्रीय लेखन ह्या प्रकारांना त्यांची त्यांची स्थाने मिळालेली आहेत. परंतु आजचा साक्षर मराठी मनुष्य जे गद्य दिवसातून अनेक वेळा, बहुधा नकळत, वाचीत असतो, त्याची समीक्षकांनी म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. फोनच्या पडद्यावर उमटणारी सूचना, संगणकाने विचारलेला प्रश्न, कपडे धुण्याच्या यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका, पैसे पाठविण्यापूर्वी दिसणारी दोन ओळींची समज, ह्या साऱ्या लेखनाला प्रस्तुत लेखात ‘सूचनागद्य’ असे म्हटले आहे.

ह्या गद्याचा वाचक इतर गद्याच्या वाचकाहून एका बाबतीत वेगळा आहे. तो रसास्वादासाठी वाचीत नाही. त्याचे काहीतरी अडलेले असते. छायाचित्र उघडत नाही, मिक्सर मध्येच थांबला आहे, बँकेतून संदेश आला आहे आणि त्याचा अर्थ लागत नाही, अशा वेळी तो पडद्याकडे पाहतो. म्हणून ह्या गद्याची कसोटीही निराळी ठरते. वाक्य वाचून झाल्यावर वाचकाला, कोणासही हाक न मारता, पुढची कृती करता येते काय, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा असतो.

ह्या कसोटीवर आजचे मराठी सूचनागद्य पुष्कळदा उणे पडते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. त्याचे कारण म्हणून त्यातील संस्कृतप्रचुर शब्दांकडे बोट दाखविण्याची आपल्याकडे रीत आहे. पदनाम कोश १९६२ साली निघाला तेव्हापासून परिभाषेवरील आपला वाद मुख्यतः शब्दांच्या अवघडपणाभोवती फिरत आला. प्रस्तुत लेखिकेस हे निदान अपुरे वाटते. वाक्याने वाचकाशी आणि प्रसंगाशी जोडावयाचे नाते येथे तुटलेले आहे. अवघड शब्द हा त्या तुटलेपणाचा केवळ एक आणि तोही लहानसा भाग होय. हे दाखविण्यासाठी दोन संहिता समोर ठेवल्या आहेत. एक फोनच्या पडद्यावरील, आणि दुसरी लेखिकेच्या मावशींच्या वहीतील.

२

लेखिकेच्या मावशी मिरजेस असतात. प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षे अध्यापन करून त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या फोनची भाषा पहिल्या दिवसापासून मराठी आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांना नातवंडांची छायाचित्रे मिळेनाशी झाली आणि पडद्यावर वारंवार पुढील मजकूर दिसू लागला :

‘संचयन स्थान संपत आहे. काही सिस्टम कार्ये कार्य करू शकत नाहीत.’

मावशींनी तो कागदावर उतरवून घेतला आणि शाळेतील सवयीने ‘कार्ये कार्य’ ह्या शब्दांखाली रेघ ओढली. दूरध्वनीवर त्यांनी लेखिकेस विचारलेला प्रश्न मात्र त्या शब्दांविषयी नव्हता. त्या म्हणाल्या, “नाहीत म्हणजे बंद झालीत, का होणार आहेत? आणि कोणती? तेवढं सांग.”

त्याच आठवड्यात सुट्टीसाठी नातू आला. त्याने फोनची भाषा इंग्रजी केली, जुने व्हिडिओ काढून टाकले आणि दोन मिनिटांत जागा मोकळी करून दिली. भाषा पुन्हा मराठी करावयाचे तेवढे राहून गेले. पुढील अकरा दिवस मावशी आलेला फोन घेण्यापलीकडे त्या यंत्राला हात लावीत नव्हत्या. “फोन दुरुस्त झाला, मी मात्र निरक्षर झाले,” हे त्यांचे वाक्य. आयुष्यभर इतरांना अक्षरे शिकविलेल्या व्यक्तीच्या तोंडी ते ऐकताना सूचनागद्याचा प्रश्न केवळ सोयीचा नाही, हे लेखिकेच्या प्रथमच पुरेपूर लक्षात आले. घरातील वडीलधाऱ्या माणसाचे स्वतःचे वाचन त्याच्या हातून जाते आणि त्या जागी दुसऱ्यावरील अवलंबन येते, हा ह्या गद्याच्या दोषाचा खरा परिणाम होय.

त्यानंतर मावशींनी एक दोनशे पानी वही केली. घरातील कोणतेही उपकरण अडले की काय झाले आणि काय केल्यावर ठीक झाले, हे त्या तीत लिहितात. तिचे पहिले टिपण असे आहे : ‘फोटो येत नाहीत. जागा भरली आहे. जुने व्हिडिओ काढावेत, पण बारशाचा आधी संगणकावर ठेवावा. मग फोटोवर पुन्हा बोट ठेवावे, येतो.’ पडद्यावरील सूचनेचा आशय ह्या चार वाक्यांत संपूर्ण आला आहे, आणि सूचनेत जे नव्हते ते, म्हणजे उपाय, उपायाचा क्रम व सावधगिरी, हेही आले आहे.

३

आता पडद्यावरील वाक्य व्याकरणाच्या अंगाने पाहू. ‘कार्य करू शकत नाहीत’ ही रचना मराठीत असामर्थ्य दाखविते. ‘तो चालू शकत नाही’ असे म्हटले म्हणजे त्याच्या पायांत बळ नाही असा अर्थ होतो. इंग्रजीतील ‘मे’ ह्या साहाय्यक क्रियापदाने येथे केवळ शक्यता सुचविली होती. कामे बंद पडली आहेत असे मूळ वाक्य म्हणतच नव्हते. शक्यतेसाठी मराठीत ‘कदाचित चालणार नाहीत’, ‘चालतीलच असे नाही’, ‘बंद पडण्याचा संभव आहे’ अशा अनेक रचना उपलब्ध असताना भाषांतरकाराने सामर्थ्यवाचक ‘शकणे’ निवडले. मावशींचा ‘झालीत, का होणार आहेत?’ हा प्रश्न नेमका ह्या ठिकाणी उभा राहिला होता. त्यांना शब्द कळले होते. क्रियापदाचा अर्थ कळू शकत नव्हता, कारण तो चुकीचा होता.

दुसरा दोष सामान्यरूपाचा. ही वाक्ये कोणी एक मनुष्य प्रसंग पाहून लिहीत नसतो. वाक्याचा साचा आधी तयार असतो, त्यात एक रिकामी जागा असते, आणि ऐन वेळी यंत्र त्या जागेत व्यक्तीचे, गावाचे वा वस्तूचे नाव भरते. इंग्रजीत नामापूर्वी शब्द येतो आणि नाम जसेच्या तसे राहते, म्हणून ही युक्ती तेथे निर्वेध चालते. मराठीत विभक्तिप्रत्यय वा शब्दयोगी अव्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते. पुणे ह्याचे पुण्यात होते, मिरज ह्याचे मिरजेत होते. यंत्राला हे ठाऊक नसल्यामुळे ‘पुणे मध्ये पाऊस’, ‘मिरज पासून अंतर’, ‘आई ने फोटो पाठवला’ अशी वाक्ये निपजतात. प्रत्यय नामापासून सुटून उभा राहतो, आणि वाचणाऱ्यास वाक्य कोठेतरी मोडल्यासारखे वाटते.

तिसरा दोष लिंगाचा. ‘सुनीता गटात सामील झाला’ हे वाक्य लेखिकेने स्वतःच्या फोनवर वाचले आहे. साच्यात क्रियापद पुल्लिंगी बसविलेले होते आणि नाव नंतर आले.

हे दोष अपरिहार्य आहेत, मराठीची रचनाच यंत्राला गैरसोयीची आहे, असे कोणी म्हणेल. परंतु रिकाम्या जागेत नाव भरण्याची अडचण मराठीला फोनने प्रथम दाखविलेली नाही. छापील अर्ज, पावत्या, निमंत्रणपत्रिका ह्यांना ती फार पूर्वीपासून भेडसावीत होती आणि मराठी कारकुनाने तिच्यावर उपायही शोधलेला होता. ‘श्री. अमुक ह्यांना’, ‘सौ. अमुक ह्यांनी’, ‘मौजे अमुक येथे’ ह्या रचना पाहाव्यात. प्रत्यय ‘हा’ ह्या सर्वनामाने अंगावर घेतला, ‘येथे’ ह्या अव्ययाने स्थलाचा भार उचलला, आणि नाव प्रथमेत जसेच्या तसे राहिले. ‘पुणे येथे पाऊस’ हे निर्दोष मराठी आहे. लिंगाचेही तसेच. ‘सुनीता ह्यांनी गटात प्रवेश केला’ असे म्हणताच क्रियापद ‘प्रवेश’ ह्या कर्माप्रमाणे चालते; कर्ता पुरुष की स्त्री हे यंत्राला जाणण्याचे कारण उरत नाही. कर्मणी प्रयोगाने केलेली ही सोय इंग्रजी साचा गिरविणाऱ्यास दिसत नाही, कारण तिची गरज इंग्रजीत कधी पडली नाही. लग्नपत्रिका लिहिणाऱ्याला जे साधले ते फोनच्या मजकुरात का साधू नये, एवढाच प्रश्न आहे.

४

ह्याहून गंभीर दोष कर्त्याच्या संदर्भात आढळतो. सूचनागद्यात दोघे असतात : यंत्र आणि माणूस. कोण कोणाला काय करावयास सांगत आहे, हे प्रत्येक वाक्यात स्पष्ट असले पाहिजे. मराठी आज्ञार्थात त्यासाठी पुरेसे भेद आहेत. घरात माणूस यंत्राशी बोलतो तेव्हा ‘लाव गजर’, ‘थांब जरा’ असे एकवचन वापरतो. यंत्राला ‘अहो’ म्हणणारा अद्याप भेटावयाचा आहे. उलट यंत्र माणसाला ‘थांबा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे आदरार्थी बहुवचनात सांगते, तेही योग्यच आहे. परंतु पडद्यावरील बटणावर ‘रद्द करा’ असे लिहिलेले असते तेव्हा ते कोणाचे बोलणे मानावे? माणसाने यंत्राला दिलेली ती आज्ञा आहे, की यंत्राने माणसाला केलेली सूचना?

एरवी हा प्रश्न पंडिती वाटेल. परंतु ‘बदल रद्द करायचे?’ असा प्रश्न पडद्यावर यावा आणि खाली ‘ठीक आहे’ व ‘रद्द करा’ अशी दोन बटणे असावीत, म्हणजे काय होते ते पाहावे. ‘रद्द करा’ दाबल्याने बदल रद्द होतील, की रद्द करणे रद्द होईल? दोन्ही वाचने व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत, आणि त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध आहेत. बटणांवर ‘बदल ठेवावेत’ आणि ‘बदल पुसावेत’ असे लिहिले तर संदिग्धता राहत नाही, आणि लिहिण्यास कष्टही पडत नाहीत.

पैशांच्या व्यवहारात अशा संदिग्धतेची किंमत प्रत्यक्ष मोजावी लागते. फोनवरून पैसे देण्याघेण्याची यूपीआय ही पद्धत २०१६ साली सुरू झाली. तीत पैसे पाठविण्याबरोबरच दुसऱ्याकडे पैसे मागण्याचीही सोय होती. मागणी समोरच्याच्या फोनवर उमटे, आणि त्याने गुप्त अंक घालून ती मान्य केली की त्याच्या खात्यातून रक्कम जाई. फसविणाऱ्यांनी ह्याच सोयीचा आधार घेतला. तुम्हाला पैसे पाठवीत आहे, फक्त अंक घाला, असे सांगून ते मागणी पाठवीत. लेखिकेने त्या काळी एका फोनवर पाहिलेला मराठी मजकूर ‘अमुक कडून पाच हजारची विनंती’ असा होता. ‘कडून’ हे अव्यय रक्कम येत आहे असे सुचविते. ‘विनंती’ हा शब्द मराठीत अर्जाचा आणि सौजन्याचा आहे, पैसे मागण्याचा नाही. आणि खाते कोणाचे रिते होणार हे वाक्यात कोठेच नाही. ‘अमुक तुमच्याकडे पाच हजार रुपये मागत आहेत. मान्य केल्यास ते तुमच्या खात्यातून जातील.’ एवढे लिहिले असते तर फसविणाऱ्याचे तोंडी बोलणे आणि पडद्यावरचे वाक्य ह्यांतील विसंगती निदान नजरेस आली असती. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी करण्याची सोय फसवणुकीला आळा घालण्यासाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, ते उचितच झाले. तथापि पैसे घेण्यासाठी गुप्त अंक कधीही घालावा लागत नाही, हे एक साधे मराठी वाक्य त्या पडद्यावरच ठळकपणे असते तर, हा विचार मनात येतोच.

५

आता दुसऱ्या संहितेकडे, म्हणजे घरातील मराठीकडे वळू. नादुरुस्त उपकरणाविषयी आपण घरात जे बोलतो ते अशुद्ध, सरमिसळ, म्हणून अभ्यासास अपात्र, असा समज आहे. ‘फोन हँग झाला’, ‘रेंज गेली’, ‘चार्जिंग उतरलं’, ‘नंबर लागत नाही’ ह्या वाक्यांतील नामे परकी आहेत हे खरे. परंतु क्रियापदांकडे लक्ष दिले म्हणजे ह्या बोलीची विश्लेषणशक्ती ध्यानात येते.

‘बंद करणे’, ‘बंद होणे’ आणि ‘बंद पडणे’ ही त्रयी घ्यावी. दिवा मी बंद केला. दुकान नऊला बंद झाले. पंखा बंद पडला. पहिल्यात कर्ता आहे, दुसऱ्यात नेमाने घडणारी गोष्ट आहे, तिसऱ्यात बिघाड आहे. म्हणजे नुसत्या क्रियापदाच्या निवडीतून अर्धे निदान होऊन जाते. फोनमधील एखादा कार्यक्रम अवचित कोलमडतो तेव्हा पडदा ‘कार्यक्रम बंद झाला’ असे सांगतो. मावशी वहीत ‘बंद पडला’ असे लिहितात. पडद्याचे वाक्य वाचून वाटते की काम संपले म्हणून तो बंद झाला असेल. मावशींचे वाक्य वाचून कळते की काहीतरी बिघडले आहे आणि पुन्हा चालू करून पाहिले पाहिजे.

फोन करताना अडचण आली की आपण ‘फोन लागत नाही’, ‘उचलत नाही’ किंवा ‘बंद येतो’ ह्यांपैकी एक बोलतो. पहिल्यात दोष वाटेतील संपर्कात आहे, दुसऱ्यात पलीकडचा मनुष्य कामात आहे, तिसऱ्यात त्याचे यंत्र बंद आहे. विजेचेही तसेच. ‘लाईट गेले’ म्हणजे बाहेरून पुरवठा थांबला. ‘फ्यूज उडाला’ म्हणजे दोष घरात आहे. दोष कोठे आहे हे ज्या बोलीत क्रियापदानेच सांगता येते, तिला दरिद्री कसे म्हणावे?

ह्या बोलीला स्वतःची तर्कपद्धतीही आहे. दिवे गेले की घरातील पहिला प्रश्न असतो, “आपलेच गेले, का सगळ्यांचे?” कोणीतरी खिडकीतून समोरच्या घराकडे पाहते. सगळ्यांचे गेले असतील तर वाट पाहावयाची. आपलेच गेले असतील तर मीटरजवळच्या खटक्याकडे जावयाचे. एका दृष्टिक्षेपात शक्यतांचा अर्धा भाग बाजूला पडतो. इंटरनेट थांबले की “तुझ्याकडे येतंय का?” हा शेजारच्या खोलीतील प्रश्न त्याच जातीचा.

फोन चार्ज होत नसेल तर काय करावे ह्याविषयी मावशींची नोंद अशी : ‘आधी दुसऱ्या बटणाच्या पॉइंटला लावावा. झाला तर पॉइंट खराब. नाही तर वायर बदलावी. झाला तर वायर खराब. नाही तर ह्याच चार्जरवर सुधाचा फोन लावावा. तो झाला तर दोष माझ्या फोनचा.’ एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, बाकी सर्व तशीच ठेवावयाची, आणि परिणाम बदलला की नाही ते पाहावयाचे. ह्या पद्धतीला आपल्या शास्त्रपरंपरेत अन्वयव्यतिरेक असे नाव आहे. अमुक असता तमुक असते, अमुक नसता तमुक नसते. प्रकृतीचा अर्थ कोणता व प्रत्ययाचा कोणता हे ठरविताना पतंजलीने महाभाष्यात हीच रीत वापरली आहे : एक शब्द घ्यावा, त्याचा प्रत्यय बदलावा, आणि अर्थातील काय टिकले व काय गेले ते पाहावे. वैयाकरण शब्द आणि प्रत्यय वेगळे करतो, मावशी वायर आणि फोन वेगळे करतात. युक्तिवाद एकच आहे. सूचनागद्याने वाचकाजवळ ही बुद्धी आहे असे गृहीत धरावयास हवे. त्याऐवजी ते ‘काहीतरी चूक झाली’ एवढेच सांगून थांबते आणि पायऱ्यांचे कोणतेही ज्ञान त्याच्या हाती देत नाही.

६

येथवर घरातील बोलीचा पक्ष मांडला. तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. अन्यथा हे परीक्षण एकांगी ठरेल.

‘मेमरी फुल झाली’ हे वाक्य घरोघर ऐकू येते. परंतु फोनमध्ये दोन निरनिराळ्या स्मृती असतात. एकीत छायाचित्रे, संदेश, कार्यक्रम कायम राहतात. दुसरीत चालू असलेली कामे तेवढ्यापुरती राहतात आणि फोन बंद होताच ती रिकामी होते. फोन बंद करून पुन्हा चालू केल्याने अडकलेली कामे सुटतात ती ह्या दुसरीमुळे. पहिली भरली असेल तर तो कितीही वेळा बंद-चालू केला तरी छायाचित्रांना जागा होणार नाही. बोलीने दोहोंना एकच शब्द लावल्यामुळे उपायही एकच लावला जातो आणि तो फसतो. येथे भेद दाखविणारे शब्द हवेत. ‘साठ्याची जागा’ आणि ‘कामाची जागा’ असे म्हटले तरी तो भेद घरातील कोणासही कळेल. भांडारघर आणि ओटा ह्यांतील फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

‘साफ करा’ हा शब्द ह्याच्या उलट प्रकारचा आहे. तो सोपा आहे, अस्सल व्यवहारातील आहे, आणि तरीही धोकादायक आहे. फोनच्या मांडणीत एखाद्या कार्यक्रमासमोर ‘कॅशे साफ करा’ आणि ‘डेटा साफ करा’ अशी दोन वाक्ये शेजारीशेजारी असतात. पहिल्याने तात्पुरत्या प्रती जातात, त्या पुन्हा तयार होतात, नुकसान काही नाही. दुसऱ्याने त्या कार्यक्रमाने फोनवर साठविलेली माहिती आणि मांडणी पुसली जाते. मराठीत साफ करणे ही चांगली गोष्ट आहे. साफ केल्याने भांडे नाहीसे होत नाही. दोन्ही कृतींना हाच शब्द दिल्यामुळे, स्वच्छतेची आवड असलेला मनुष्य मनापासून दुसरे बटण दाबतो. येथे ‘पुसा’ वा ‘कायमचे काढा’ असा, मनात किंचित भय उत्पन्न करणारा शब्द हवा होता.

ह्या दोन उदाहरणांवरून शब्द संस्कृत की इंग्रजी की देशी, हा वाद किती दुय्यम आहे ते दिसून येईल. ‘परवलीचा शब्द’ जुना आहे आणि चालतो. ‘गजर’ जुना आहे आणि कोणाला अडत नाही. ‘ओटीपी’ परका आहे आणि तोही चालतो. ‘साफ’ सोपा आहे आणि घात करतो. शब्दाने कृतीचा परिणाम सुचवावा, ही अट महत्त्वाची. तो कोणत्या कुळातील आहे हे नंतर पाहावे.

७

मराठीत सूचना देण्याच्या गद्याला परंपरा नाही, म्हणून इंग्रजीचा हात धरावा लागतो, असा एक बचाव केला जातो. तो मान्य करता येत नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले, आणि कमलाबाई ओगले ह्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली. ह्या मधल्या काळात आणि त्यानंतर पाककृतीचे गद्य मराठीत घडत गेले. त्याची घडण पाहावी. तेल तापवावे, मोहरी तडतडली की हिंग घालावे, कांदा लालसर झाला की उतरवावे, अशी वाक्ये आपण सहज लिहितो. ‘घालावे’ ह्या विध्यर्थात आज्ञेचा ताठा नाही आणि संदिग्धताही नाही. ‘तडतडली की’ ह्या अंगभूत वाक्यात इंद्रियांना कळणारी खूण आहे; ती खूण दिसली की पुढची कृती करावयाची. किती वेळ लागेल हे न सांगताही वाचणारी चुकत नाही, कारण कशाची वाट पाहावयाची हे तिला सांगितलेले आहे.

मावशींची वही ह्याच परंपरेतील आहे. ‘मिक्सर बंद पडला तर आधी बटण बंद करून पिन काढावी. वाटण जास्त झाले असेल, ते कमी करावे. भांडे काढून यंत्र निवू द्यावे. हाताला गरम लागेनासे झाले की तळाचे लाल बटण दाबावे, मग लावावा.’ हे टिपण निर्दोष आहे. अतिभाराने मोटार तापू लागली की तळाशी असलेला खटका प्रवाह तोडतो आणि ते लाल बटण तो पुन्हा जोडते, हे शास्त्र त्यात शब्दशः सांगितलेले नाही. परंतु कृतीच्या क्रमात ते पूर्णपणे सामावलेले आहे. कंपनीने दिलेली पुस्तिका बारा भाषांत होती. तिच्यातील मराठी पृष्ठ मावशींनी एकदा वाचून पुन्हा उघडले नाही.

यंत्राला मराठीचे वळण लावणे अशक्य आहे, असेही कोणी म्हणू नये. अक्षरांच्या पातळीवर हे कार्य पूर्वीच झालेले आहे. भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ साली ठरला, त्यात स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे, अशी आपल्या वर्णमालेची व्यवस्था सांभाळली गेली. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली लिप्यांची संकेतावली निश्चित केली. आचार्यांना नमस्कार करावयाचा की आचाऱ्यांना, हा भेद मराठीस आवश्यक आहे, आणि तो दाखविणाऱ्या रकारासाठी युनिकोडमध्ये तरतूद आहे. ‘ॲ’ ह्या अक्षरासही २००८ साली स्वतःचा क्रमांक मिळाला. मराठीची गरज काय आहे हे कोणीतरी नेमकेपणाने सांगितले म्हणून हे घडले. अक्षराच्या बाबतीत दाखविलेली ही चिकाटी वाक्याच्या बाबतीत मात्र अद्याप दिसत नाही. वाक्याची गरज सांगण्याचे काम भाषाभ्यासकांचे आहे, आणि आपण ते इतके दिवस परिभाषेच्या वादात विसरून राहिलो, ही कबुली येथे दिली पाहिजे.

म्हणून विभागातील विद्यार्थ्यांसाठी एक लहानसे कार्य सुचवावेसे वाटते. आपापल्या घरातील फोन, संगणक व उपकरणे ह्यांवरील मराठी सूचना उतरवून घ्याव्यात. त्याच अडचणीविषयी घरातील माणसे काय बोलतात तेही शब्दशः टिपावे. आणि दोन्ही शेजारीशेजारी ठेवून क्रियापद, कर्ता व सामान्यरूप ह्या तीन अंगांनी तपासावे. सूचना वाचून आजी, आजोबा किंवा शेजारच्या काकू एकट्या पुढची पायरी चढू शकल्या काय, हे शेवटी लिहावे. अशा संग्रहातून जे नियम निघतील ते कोशातील नव्या शब्दांहून अधिक उपयोगी पडतील.

मावशींच्या फोनची भाषा आता पुन्हा मराठी आहे. ती त्यांनी स्वतः बदलली. कशी, ते वहीच्या नवव्या पानावर लिहिले आहे, आणि त्या पानाखाली नातवासाठी एक ओळ आहे : ‘काम झाल्यावर भाषा होती तशी करून ठेवावी.’